जिप्सी एमपीएफआय आणि स्पीडुइनो: वाइडबँड ओटू सेन्सर कुठे बसवायचा, वायरिंग कसं करायचं?

जिप्सीकर (प्रश्न)

नमस्कार मंडळी. गाडी जिप्सी किंग एमपीएफआय, इंजिन जी१३बीबी, टर्बो वगैरे काही नाही. मूळ ईसीयूच्या (इंजिनच्या कॉम्प्युटरच्या) जागी स्पीडुइनो हा ओपन-सोर्स ईसीयू आहे आणि फ्युएलिंग मॅप सेन्सरवर, म्हणजे मॅनिफोल्डमधल्या दाबावरून (स्पीड-डेन्सिटी). बिडाच्या मॅनिफोल्डऐवजी ४-२-१ हेडर, त्याखाली कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर), मग सायलेन्सर. हवा-पेट्रोलचं प्रमाण आकड्यात दाखवणारा एईएमचा एक्स-सिरीज वाइडबँड गेज (३०-०३००) आणि त्याच्यासोबतचा बॉश एलएसयू ४.९ ओटू (ऑक्सिजन) सेन्सर आणून ठेवलाय. बसवण्याआधी विचारून घेतो:

१. हेडरवर एक ओटू नट आधीच वेल्ड केलेला आहे, पण तो चारांचे दोन होतात त्यापैकी एका पाइपवर आहे. तोच वापरला तर चालेल का?
२. जुना नॅरोबँड (मिश्रण रिच, म्हणजे पेट्रोल जास्त, की लीन, म्हणजे कमी, एवढंच सांगणारा मूळ ओटू सेन्सर) ठेवायचा की काढायचा?
३. गेजला पॉवर आणि अर्थ नेमका कुठून द्यायचा?
४. पंपावर आता ई२० (२० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल) मिळतं. मग टार्गेट एएफआर (हवा आणि पेट्रोलचं वजनी प्रमाण) १४.७ धरायचं की १३.५?
५. पावसाळ्यात गाडी ओढे-नाल्यांतून जाते. सेन्सर टिकण्यासाठी काय करावं?

---

बंगवेल्डर

पहिल्या प्रश्नाचं उत्तर: नको. ४-२-१ हेडरमध्ये बहुतेक वेळा १-४ आणि २-३ अशा जोड्या असतात. त्यातल्या एका पाइपवर सेन्सर लावला तर फक्त दोन सिलिंडरचा धूर दिसणार. उरलेल्या दोघांपैकी एखाद्याचा इंजेक्टर अर्धवट तुंबलेला असला तरी गेज तुम्हाला "सगळं ठीक" म्हणून सांगेल. त्या नटात एम१८ चा प्लग घट्ट बसवून टाका आणि सेन्सरसाठी नवीन नट वेल्ड करा.

जागा निवडताना एवढं पाहा. चारही पाइप एक झाल्यानंतर, म्हणजे कलेक्टरच्या पुढे निदान दहा-पंधरा सेंटिमीटर सरळ पाइप असावा, म्हणजे चारही सिलिंडरचा धूर नीट मिसळतो. हेडच्या पोर्टपासून एकूण अंतर ४५ सेंटिमीटरच्या आत नको, सेन्सर भाजतो. एलएसयू ४.९ ला धुराचं तापमान सतत ९३० अंश सेल्सिअसपर्यंत सोसतं आणि सेन्सरचा षटकोन (पाना लागतो तो भाग) ६०० च्या खाली राहायला हवा. नॅचरली ॲस्पिरेटेड जी१३ मध्ये कलेक्टरच्या खाली ही मर्यादा गाठली जात नाही. टर्बो असता तर टर्बाइनच्या पुढे जवळपास ९० सेंटिमीटरवर गेलो असतो. आणि कॅटच्या आधीच, नंतर नाही. कॅट उरलेला ऑक्सिजन वापरून टाकतो, त्यामुळे पुढे मिळणारं रीडिंग ट्यूनिंगच्या कामाचं राहत नाही.

कोन याहून महत्त्वाचा, आणि बिघडतो तोही इथेच. सेन्सरचं टोक खाली आणि वायर वर, आडव्यापेक्षा निदान १० अंश उभा. घड्याळाच्या भाषेत दहा ते दोनच्या मध्ये कुठेही. गाडी थंड असताना पाइपमध्ये पाणी साचतं. सेन्सर खालच्या बाजूला लावला तर ते पाणी थेट त्याच्या टोपीत जातं, आतला सिरॅमिक तापायला लागतो आणि तडकतो. जिप्सीला खालून जागा कमी आहे, म्हणून काही जण पाइपच्या पोटात नट लावतात. तसं करू नका. प्रोपेलर शाफ्ट, स्टीअरिंगचे रॉड आणि चॅसिस यांच्यात सेन्सरचा पाना फिरेल का, हे वेल्डिंगच्या आधीच सेन्सर हातात धरून बघून घ्या.

आता वेल्डिंग.

नट एम१८ x १.५ आट्यांचा. उंची १० ते १३ मिलिमीटर पुरे. उंच नट घेतला तर सेन्सरची भोकांची टोपी धुराच्या प्रवाहात उतरतच नाही, नटाच्या विहिरीतच राहते. रीडिंग सुस्त येतं आणि लोक ईसीयूचे फिल्टर बदलत बसतात. पाइपला स्टेप ड्रिलने भोक पाडा, नटाच्या आतल्या व्यासाहून थोडं मोठं. आतल्या बाजूचे बर फाइलने साफ करा.

वेल्ड करताना नटात एम१८ x १.५ चा जुना बोल्ट किंवा प्लग फिरवून ठेवा, नाहीतर उष्णतेने आटे वाकडे होतात. तिथे सेन्सर ठेवून वेल्ड करायचं हे सांगायचीही गरज नसावी, पण लोक करतात. चार ठिकाणी टॅक मारा, मग समोरासमोरच्या बाजूंनी थोडंथोडं पूर्ण करा. पाइप स्टेनलेस आणि नट माइल्ड स्टील असेल तर ३०९एल रॉड घ्या. साध्या माइल्ड स्टीलच्या रॉडने जोड होतो, पण पुढे चिरतो. थंड झाल्यावर एम१८ x १.५ चा टॅप एकदा मारा.

जमेल तर पाइप उतरवूनच वेल्ड करा. गाडीवरच करायचं असेल तर बॅटरीचे दोन्ही टर्मिनल आणि स्पीडुइनोचा कनेक्टर काढा, आणि वेल्डिंगचा अर्थ क्लॅम्प नटाशेजारीच लावा. क्लॅम्प बंपरला आणि वेल्ड पाइपवर असं असेल तर करंट कुठल्या अर्थमधून जाईल याचा नेम नाही.

बसवताना बॉशच्या नव्या सेन्सरच्या आट्यांना ग्रीस आधीच लावलेलं असतं, वरून काही लावू नका. जुना सेन्सर परत बसवताना मात्र निकेलवालं अँटीसीझ, तेही फक्त आट्यांना, टोकाला थेंबही नको. २२ मिलिमीटरचा खाच असलेला ओटू सॉकेट, ताकद ४० ते ६० न्यूटन-मीटर. इम्पॅक्ट गन बाजूला ठेवा.

---

तारयंत्री

वायरिंगचं मी सांगतो.

आधी सेन्सर समजून घ्या, मग अर्थचा एवढा आग्रह का ते कळेल. वाइडबँडमध्ये दोन सेल असतात. एक साधा नर्न्स्ट सेल, नॅरोबँडमध्ये असतो तसाच, आणि दुसरा पंप सेल. मधल्या बारीक पोकळीत जो धूर येतो त्यातला ऑक्सिजन पंप सेल बाहेर काढतो किंवा आत ढकलतो, जेणेकरून नर्न्स्ट सेल कायम ४५० मिलिव्होल्टवर राहील. त्यासाठी किती करंट लागला, यावरून लॅम्बडा (लागणाऱ्या हवेच्या किती पट हवा आहे तो आकडा) कळतो. लॅम्बडा १ ला करंट शून्य, लीनला एका दिशेने, रिचला उलट. हे करंट मिलिअँपिअरमध्ये असतात, उघड्या हवेतही जेमतेम अडीच. आणि त्याच सहा तारांच्या कनेक्टरमधून हीटरचा अँपिअरमधला करंट जातो, कारण सेल ७८० अंशांवर धरून ठेवायचा असतो.

त्यामुळे:

सेन्सरची वायर कापायची नाही, लांबवायची नाही. प्रत्येक सेन्सरचा कॅलिब्रेशन रेझिस्टर त्याच्या कनेक्टरच्या आत बसवलेला असतो. कनेक्टर कापला की तो सेन्सर कुठल्या हिशोबाचा आहे ते गेजला कळत नाही. लांबी कमी पडली तर कंपनीची हार्नेस वापरा. कनेक्टर पाइपपासून लांब, चॅसिसच्या थंड बाजूला बांधा. इंजिन माउंटवर हलतं, म्हणून सेन्सरजवळ थोडी ढील ठेवा. प्लगवायर आणि कॉइलच्या शेजारून वायर नेऊ नका.

पॉवर: इग्निशन स्विचच्या वायरीत सरळ टोचू नका. वेगळा रिले घ्या. त्याची कॉइल फ्युएल पंप रिलेच्या आउटपुटवरून चालवा, आणि कॉन्टॅक्टला बॅटरीवरून स्वतंत्र फ्यूजमधून लाइन आणा. फ्यूज गेजच्या मॅन्युअलमध्ये लिहिलेल्या अँपिअरचाच. यात फायदा असा की इंजिन फिरत असेल तरच हीटर चालू. चावी नुसती ऑन करून गाणी ऐकत बसलात तर थंड, ओल्या पाइपमध्ये सेन्सर लालबुंद होणार नाही. पंपाचा सुरुवातीचा दोन-तीन सेकंदांचा प्राइम तेवढा चालतो, त्याने बिघडत नाही.

अर्थ: गेजची काळी वायर डॅशबोर्डच्या स्क्रूला नाही. ती इंजिनच्या ज्या जागी स्पीडुइनोचा पॉवर अर्थ आहे तिथेच न्या. ॲनालॉग आउटपुटची निगेटिव्ह वेगळी आहे, ती स्पीडुइनोच्या सेन्सर ग्राउंडला, आणि ॲनालॉग पॉझिटिव्ह त्याच्या ओटू इनपुटला. या दोन तारा एकमेकींना पिळून न्या.

ट्यूनरस्टुडिओमध्ये (लॅपटॉपवरच्या ट्यूनिंग सॉफ्टवेअरमध्ये) एएफआर कॅलिब्रेशनला "कस्टम लिनिअर" निवडून हे दोन बिंदू भरा: ०.५ व्होल्टला ८.५, ४.५ व्होल्टला १८.०. या गेजचं सूत्र एएफआर = २.३७५ x व्होल्ट + ७.३१२५ असं आहे, त्यातूनच हे आकडे येतात. ०.५ च्या खाली किंवा ४.५ च्या वर व्होल्टेज गेलं तर ते रीडिंग नाही, बिघाडाची खूण आहे. दुसऱ्या कंपनीच्या कंट्रोलरचे आकडे यात भरू नका. इनोव्हेट एलसी-२ चा मूळ सेटिंगमधला आउटपुट ० व्होल्टला ७.३५ आणि ५ व्होल्टला २२.३९ असतो, स्पार्टन २ चा १० ते २०. कोणाच्या तरी ट्यून फाइलवरून कॅलिब्रेशन उचललं की इंजिन एक मापाने चालतं आणि लॅपटॉप दुसरंच दाखवतो.

नॅरोबँडबद्दल: तुमच्याकडे मूळ ईसीयूच नाही, तेव्हा काढा. ज्यांच्या गाडीत मूळ ईसीयू आहे त्यांनी मात्र नॅरोबँड जागेवर ठेवून वाइडबँडसाठी वेगळा नट लावावा. मूळ ईसीयूला ०.१ ते ०.९ व्होल्टमध्ये खालीवर होणारा सिग्नल हवा असतो, ०-५ व्होल्टची सरळ रेषा त्याला कळत नाही. एलसी-२ सारख्यांचा दुसरा आउटपुट नॅरोबँडची नक्कल करतो, पण मग मूळ सेन्सरचा हीटर गेल्यामुळे चेक इंजिन दिवा लागतो आणि रेझिस्टरचे जुगाड सुरू होतात. दोन सेन्सर ठेवणं सोपं.

---

लॅम्बडा_एक

चौथ्या प्रश्नावर गोंधळ फार दिसतो, म्हणून सविस्तर.

सेन्सर एएफआर मोजत नाही. तो लॅम्बडा मोजतो, म्हणजे पूर्ण जळण्यासाठी जेवढी हवा लागते त्याच्या किती पट हवा आहे ते. गेज त्या आकड्याला १४.७ ने गुणतो आणि काचेवर दाखवतो, बस. टाकीत काय आहे हे त्याला माहीत नाही.

शुद्ध पेट्रोलला एक किलोला १४.७ किलो हवा लागते, इथेनॉलला ९. घनता धरून हिशोब केला तर ई१० ला सुमारे १४.१ आणि ई२० ला सुमारे १३.५. पण ई२० वर लॅम्बडा १ असताना तुमचा गेज १४.७ च दाखवणार. तेव्हा टार्गेट टेबलमध्ये १३.५ लिहिलंत तर ते लॅम्बडा ०.९२ झालं. क्रूझवर कायम रिच आणि मायलेज खलास. एक तर सगळीकडे १४.७ चंच माप ठेवा, नाहीतर ट्यूनरस्टुडिओ आणि गेज दोन्ही लॅम्बडावर लावा. मला दुसरं पटतं. पेट्रोल बदललं तरी आकडे बदलत नाहीत.

बदलतं ते व्हीई टेबल, म्हणजे कुठल्या आरपीएम आणि दाबाला किती पेट्रोल द्यायचं ते ठरवणारा तक्ता. त्याच हवेला ई२० लिटरमध्ये जास्त लागतं, शुद्ध पेट्रोलच्या तुलनेत साधारण सात-साडेसात टक्के, ई१० च्या तुलनेत साडेतीन-चार टक्के. ई१० वर केलेला मॅप ई२० वर तेवढा लीन जातो. ओपन लूपमध्ये, म्हणजे फुल थ्रॉटलला ईसीयू सेन्सरचं ऐकत नाही तेव्हा, हे भरून काढणारं कोणी नसतं. म्हणून टाकीत जे कायम असणार आहे त्यावरच ट्यून करा.

टार्गेट, टर्बो नसलेल्या जी१३ साठी, लॅम्बडामध्ये:

गरम आयडल ०.९५ ते १.०. क्रूझ १.०, इग्निशन नीट बसल्यावर हलक्या लोडला १.०३ ते १.०५ पर्यंत नेता येईल, पण गाडीला कॅट आहे तर १.० वरच राहा. फुल थ्रॉटल ०.८६ ते ०.८८, १४.७ च्या मापात १२.६ ते १२.९. त्याहून रिच केल्याने जास्त पॉवर मिळत नाही, फक्त काजळी वाढते. मधला भाग हळूहळू उतरता ठेवा, एका खान्यातून दुसऱ्यात उडी नको.

मॅप करताना क्रम असा. इंजिन पूर्ण गरम, कूलंट ८० च्या वर. ईजीओ करेक्शन (सेन्सर बघून ईसीयूने पेट्रोल आपोआप कमी-जास्त करणं) बंद. ॲक्सिलरेशन एनरिचमेंट (पाय दाबताच दिलं जाणारं जादा पेट्रोल) कमी करून ठेवा, नाहीतर त्याचं पेट्रोल व्हीई टेबलच्या नावावर जातं. चढावर तिसऱ्या-चौथ्या गिअरमध्ये एक आरपीएम, मॅप सेन्सरचा एकच दाब धरून तीन-चार सेकंद स्थिर राहा, मग रीडिंग घ्या. लॅम्बडा १.०५ दिसला आणि टार्गेट १.० असेल तर त्या खान्यात पाच टक्के वाढवा. साधा गुणाकार आहे: नवा व्हीई = जुना व्हीई x दिसलेला लॅम्बडा ÷ टार्गेट. लॅपटॉपकडे बघायला शेजारी दुसरा माणूस हवाच. व्हीई ॲनालाइझ हे काम आपोआप करतं, पण ते ट्यूनरस्टुडिओच्या विकतच्या आवृत्तीत आहे, आणि त्यालाही उशिराचा हिशोब द्यावा लागतो. धूर पोर्टपासून सेन्सरपर्यंत पोचायला आयडलला अर्ध्या सेकंदाच्या आसपास लागतो, वरच्या आरपीएमला त्याच्या दहाव्या हिश्श्याएवढा.

उतारावर पाय काढल्यावर गेज पार लीनला जाऊन टेकेल. ओव्हररन कट (पाय काढल्यावर पेट्रोल बंद होणं) चालू आहे एवढाच त्याचा अर्थ. ते खाने ट्यून करू नका.

सगळं बसल्यावर ईजीओ सुरू करा, पण ऑथॉरिटी (तो पेट्रोल जास्तीत जास्त किती बदलू शकेल ते) पाच ते दहा टक्के. कूलंट ७० झाल्यावर आणि इंजिन सुरू झाल्यानंतर निदान ३० सेकंदांनी. सेन्सर गेला तर त्या रात्री घरी पोचता येईल, एवढ्यासाठी ही मर्यादा. पंचवीस टक्के देणारे लोक मेलेल्या सेन्सरच्या सांगण्यावरून इंजिन भिजवतात.

---

सह्याद्री४बाय४

पाचव्या प्रश्नाचं. पाण्याने सेन्सर दोन प्रकारे मरतो. बाहेरून गरम सेन्सरवर गार पाणी पडलं तर, आणि आतून पाइपमधल्या पाण्याने. बाहेरच्यासाठी पाइपला वेल्ड करून पत्र्याची छोटी ढाल करा, पुढून आणि खालून झाकणारी. वरून आणि मागून उघडी ठेवा, नाहीतर षटकोन तापतो. सेन्सरलाच गुंडाळणारी कापडी पट्टी लावू नका, त्याच कारणाने. ओढ्यात इंजिन बंद पडून सायलेन्सरमध्ये पाणी शिरलं तर परत सुरू करताना वाइडबँडचा फ्यूज काढा, पाइपातून वाफ येणं थांबेपर्यंत पाच-दहा मिनिटं चालवा, मग फ्यूज लावा.

याउलटची चूक जास्त दिसते. ट्यूनिंग झालं, आता गरज नाही म्हणून गेजची पॉवर काढतात आणि सेन्सर पाइपमध्येच ठेवतात. हीटर बंद असलेला सेन्सर काजळी जाळू शकत नाही, ती टोपीच्या भोकांत साठते. वापरायचा नसेल तर काढा आणि प्लग लावा.

तारयंत्रींच्या रिलेबद्दल एक शंका. फ्युएल पंप रिलेवर ठेवलं तर प्रत्येक वेळी सुरू केल्यावर गेज आकडा देईपर्यंत अर्धा-पाऊण मिनिट थांबावं लागतं. इग्निशनवर असेल तर आधीच गरम असतो.

---

तारयंत्री

@सह्याद्री४बाय४ खरं आहे, पण त्या अर्ध्या मिनिटात इंजिन थंड असतं आणि ईजीओ तसाही बंद असतो. त्या आकड्याचं करायचं काय? कोल्ड स्टार्ट ट्यून करायचाच असेल त्या दिवशी तात्पुरती जंपर लावा. रोजच्या गाडीत नको.

---

जिप्सीकर

सगळ्यांचे आभार. बसवून झालं: कलेक्टरपासून १४ सेंटिमीटरवर, साधारण अकरा वाजताच्या कोनात. वेगळा रिलेही घातला. अर्थ मात्र सध्या डॅशखाली बॉडीलाच आहे, ॲनालॉग निगेटिव्ह कुठेच जोडलेली नाही. आता दोन गोष्टी जुळत नाहीत.

गरम आयडलला गेज १५.४ दाखवतो, लॅपटॉप १५.८. फरक सुरू केल्या केल्या जास्त असतो, मग थोडा कमी होतो. आणि दुसरं, आयडलला इतकं लीन दिसत असूनही मागून पेट्रोलचा वास येतो, डोळे चुरचुरतात. आयडलचं व्हीई वाढवलं तर वास वाढतो, गेज फारसा हलत नाही. रस्त्यावर लोडखाली आकडे अगदी अपेक्षेप्रमाणे येतात.

---

तारयंत्री

पहिली गोष्ट सरळ अर्थची आहे. ०.४ एएफआरचा फरक म्हणजे ०.४ ÷ २.३७५, साधारण ०.१७ व्होल्ट. हीटरचा करंट बॉडीतून जाताना गेजचा अर्थ तेवढा वर उचलला जातोय, म्हणून स्पीडुइनोला सिग्नल जास्त दिसतो. सुरुवातीला हीटर जास्त ओढतो, म्हणून तेव्हा फरक जास्त. मल्टिमीटर मिलिव्होल्टवर ठेवून एक टोक गेजच्या काळ्या वायरला, दुसरं स्पीडुइनोच्या सेन्सर ग्राउंडला लावा. इंजिन चालू असताना १०-२० मिलिव्होल्टच्या वर काही दिसायला नको. वर सांगितलं तसं जोडा. कॅलिब्रेशनमध्ये ०.४ वजा करून भागवू नका, हेडलाइट लावले की तो आकडा बदलेल.

---

लॅम्बडा_एक

दुसरी गोष्ट: सेन्सर पेट्रोल मोजत नाही, जळून उरलेला ऑक्सिजन बघतो. वास रिचचा आणि गेज लीनचा असेल तर जास्तीचा ऑक्सिजन पाइपमध्ये कुठून तरी येतोय. दोनच वाटा आहेत. सेन्सरच्या आधी सायलेन्सर लाइन लीक आहे, किंवा एखादा सिलिंडर मिसिंग मारतोय आणि त्याची न जळलेली हवा तशीच बाहेर पडतेय. त्या सिलिंडरचं पेट्रोलही तसंच बाहेर जातं, म्हणून वास.

लीकमधून फक्त धूर बाहेर जातो असं वाटतं, पण आयडलला पाइपमधला दाब धडधडत शून्याच्या खालीही जातो आणि त्या क्षणी हवा आत ओढली जाते. लोडला दाब कायम वर राहतो, म्हणून तिथे आकडे बरोबर येतात. तुमची लक्षणं लीककडे बोट दाखवतात. तरी मिसिंग वगळून घ्या: आयडलला एकेक इंजेक्टरचा कनेक्टर काढा. ज्याचा काढल्यावर आरपीएम पडत नाही तो सिलिंडर आधीच काम करत नव्हता. किंवा थंड इंजिन सुरू करून एका मिनिटात हेडरच्या चारही पाइपांवर इन्फ्रारेड थर्मामीटर मारा, गार पाइप लगेच कळतो.

जवळच्या पीयूसी केंद्रावर चार-गॅस मशीन असेल तर आणखी सोपं. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) जास्त आणि ओटूही जास्त, एचसी (न जळलेलं पेट्रोल) बेताचा: लीक. एचसी भडकलेला आणि ओटू जास्त: मिसिंग. पण ते मशीन टेलपाइपमधून घेतं आणि मध्ये कॅट आहे, म्हणून कॅट गार असतानाचा आकडा पाहा.

तोवर आयडलच्या खान्यांत वाढवलेलं पेट्रोल परत काढा.

---

बंगवेल्डर

लीक शोधायची पद्धत. इंजिन थंड. व्हॅक्यूम क्लीनर फुंकायच्या बाजूला लावून पाइप सायलेन्सरच्या तोंडात कापडाने घट्ट बसवा. भांड्याचा साबण पाण्यात दाट कालवून स्प्रेने मारत जा. क्रमाने: हेडचा गॅस्केट, ४-२-१ चे सरकते जोड, कलेक्टरचा फ्लँज, आधीच असलेल्या नटातला प्लग, आणि तुमचं नवीन वेल्ड. सेन्सरच्या पुढचे लीक सध्या सोडा, सेन्सरच्या अगदी लगत नसतील तर रीडिंग बिघडवत नाहीत.

सरकत्या जोडांवर बुडबुडे येणारच, बाजारातले बहुतेक हेडर तिथे सैल असतात. सायलेन्सर पेस्ट लावायची असेल तर वॉटरग्लासवाली उष्ण पेस्ट चालेल, पण लाल आरटीव्ही सिलिकॉन अजिबात नाही. त्याची वाफ सेन्सरच्या छिद्रांवर काचेसारखा थर देते आणि तो निघत नाही. इंजिनच्या इतर गॅस्केटलाही "ओटू सेन्सर सेफ" लिहिलेलंच घ्या. जोड कायमचा हवा असेल तर तो टिग वेल्डिंगने बंद करा.

---

जिप्सीकर

अर्थ बदलल्यावर गेज आणि लॅपटॉप ०.१ च्या आत आले. साबणाला बुडबुडे दोन जागी मिळाले: १-४ चा सरकता जोड आणि जुन्या नटातला प्लग, त्याखाली वॉशरच नव्हता. प्लगला तांब्याचा वॉशर टाकला. जोड टिग करून घेतो आणि मग आयडलचं व्हीई पहिल्यापासून करतो.

एक शेवटचं: नवा सेन्सर खरा आहे की नकली, आणि चालू सेन्सर कधी म्हातारा झाला म्हणायचं?

---

सह्याद्री४बाय४

नकली ओळखायला खोका बघून उपयोग नाही, खोका हुबेहूब करतात. षटकोनावरचा लेझरने कोरलेला नंबर आणि टोपीच्या भोकांची मांडणी माहीतगार दुकानातल्या सेन्सरशी ताडून पाहा. मल्टिमीटरने गार असताना हीटरच्या दोन पिनांमध्ये, करड्या आणि पांढऱ्या, साधारण तीन ओहम यायला हवेत. उघडं असेल तर हीटर गेला.

म्हातारपणाची तपासणी उघड्या हवेत. सेन्सर काढून, पेट्रोलच्या वासापासून लांब, गेज चालू करून गरम होऊ द्या. रीडिंग लीनच्या टोकाला जाऊन स्थिर राहायला हवं. हलत असेल किंवा टोकाला पोचत नसेल तर संशय घ्या. एलसी-२ वाल्यांनी हेच करताना हवेत कॅलिब्रेशनही करून घ्यावं, त्यांच्या मॅन्युअलमध्ये ते आहे. एईएमला त्याची गरज नाही. दुसरी खूण सुस्ती: ओव्हररन कट झाल्यावर टोकाला जायला आधीपेक्षा जास्त वेळ लागतो. पहिल्याच दिवशी तो लॉग सेव्ह करून ठेवा, पुढे ताडायला कामी येतो.

ऑइल पिणारं इंजिन, हेड गॅस्केटमधून जाणारा कूलंट आणि मँगनीज किंवा लोह असलेले ऑक्टेन बूस्टर, या तिघांनी तो लवकर मरतो. तुमच्या जी१३ मध्ये सुरू करताना निळा धूर येत असेल तर दुसरा सेन्सर विकत घेण्याआधी व्हॉल्व्ह सील बदला.